मोजणीबाईंनी मेमो वाचून दाखवला

त्या संख्याशास्त्राच्या प्राध्यापिका, पण विद्यार्थ्यांत नाव मोजणीबाई. एकोणीस वर्षं त्यांनी फळ्यावर सरासरी काढली आणि एकोणीस वर्षं मागच्या बाकांवर पोरं पेंगली. यंदा बाईंचंच डोकं फिरलं. वह्या मिटायला लावून त्यांनी अख्खा वर्ग विद्यापीठाच्या दाखल्यांच्या खिडकीपाशी पिटाळला.

"कागद कुठे किती वेळ अडतो, मोजा!"

पोरांनी तीन आठवडे मोजलं. दाखल्याचं काम वीस मिनिटांचं; पण कागद अकरा दिवस उपकुलसचिवांच्या टेबलावर सहीसाठी पडून. पेंगणारी पोरं आलेखावरून हमरीतुमरीवर आली. बाईंनी तो आलेख विभागाच्या फलकावर लावला.

दुसऱ्या दिवशी फलक कोरा आणि बाईंच्या हातात मेमो: अभ्यासक्रमाबाहेरचे उपद्व्याप, खुलासा करा.

विभागप्रमुखांनी चहा पुढे सरकवला. "मॅडम, नावीन्य हवंच हो. पण बेतानं. झाडं मोजा की! साहेबांचं टेबल कशाला?"

"झाडं सह्या अडवत नाहीत, सर." चहा तसाच ठेवून बाई उठल्या. कानशिलं तापली होती.

घरी नवरा म्हणाला, "दे ना माफी लिहून. बढती तोंडावर आलीय."

"कशाची माफी? शिकवल्याची?" बाईंनी कुकरचं झाकण असं आदळलं की सासूबाई बाहेर आल्या.

"तू गप्प बस रे जरा," त्या मुलालाच म्हणाल्या.

त्याच आठवड्यात सक्तीची कार्यशाळा होती: 'अध्यापकांतील नावीन्याला प्रोत्साहन'. व्यासपीठावर उपकुलसचिव हसतमुख बसलेले. पाहुण्या वक्त्यानं विचारलं, "नवा प्रयोग कुणी केलाय? सांगा, लाजू नका!"

बाई तरातरा माइकपाशी गेल्या आणि त्यांनी मेमो वाचून दाखवला, जावक क्रमांकासकट. "हे इथलं प्रोत्साहन," त्या म्हणाल्या.

बाहेर रसायनशास्त्राचे सर हळूच म्हणाले, "मलाही असाच मेमो आला होता, सात वर्षांपूर्वी. तेव्हापासून नुसत्या नोट्स सांगतो."

"मग आत का तोंड शिवून बसलात?"

तासाला उशीर होतोय म्हणत सर जिन्याकडे वळले.

बढती रखडली ती रखडलीच. खिडकीवरची सही मात्र आता दोन दिवसांत होते. त्याबद्दल कुणी बाईंना चकार शब्द बोललं नाही. त्यांचा राग अजून उतरलेला नाही. नवा वर्ग सध्या ग्रंथालयातली कुलूपबंद कपाटं मोजतोय.