काळी कणसं

केनवडच्या आमच्या खळ्यावर चार माणसं बसली की काणीची गोष्ट निघतेच. एकाची संपली नाही तोच दुसऱ्याची सुरू. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ती वर्षं. काणी म्हणजे ज्वारीचा रोग. दाण्याच्या जागी काळी भुकटी भरते.

*

पहिल्या वर्षी माझे मोठे काका, नामदेवकाका, कणीस घेऊन धुऱ्यावर, दोन शेतांमधल्या बांधावर, आले. दाणे लांबट, फुगीर. "यंदा ज्वारी चांगली भरली," म्हणाले, आणि माझ्या बापाला दाखवायला एक दाणा नखानं फोडला. काजळी निघाली. दुसरा फोडला, तिसरा फोडला. मग कणीस हातात धरून ते तिथंच खाली बसले.

*

मळणीला बैल फिरले आणि खळ्यावर काळा धुरळा उठला; सगळ्यांची तोंडं ओळखू येईनात इतकी काळी झाली. काकू भाकरी घेऊन आली. समोरच्यालाच विचारते, "कावो, मालक कुठी गेले?"

"मीच हावो," काका म्हणाले.

आम्ही हसलो, तीही हसली. मग तिची नजर राशीकडे गेली. हसणं तिथंच थांबलं.

*

बाजारात रहीमचाचा धान्य घ्यायचे. त्यांनी ती ज्वारी तळव्यावर चोळली. तळवा काळा झाला. "नामदेवराव, ये तो जानवर भी नहीं खाएगा."

पोती तशीच गाडीतून परत आली. वर्षभर आम्ही काळ्या भाकरी खाल्ल्या.

*

पुढच्या साली शेतकी खात्याचा माणूस मोरचूद, काणीवरचं निळं औषध, घेऊन आला. हे पाण्यात विरघळवून त्यात बी भिजवून पेरा, म्हणाला. काकांनी भिजवलं. निळं बी पाहून बाप हादरला. "दादा, हे जहर हाये. जमीन मारून टाकसान."

भावांच्या वाटण्या झालेल्या. धुऱ्याच्या अलीकडे काकांनी निळं पेरलं, पलीकडे बापानं न भिजवताच.

उरलेलं बी काकूनं धुतलं आणि दळायला घेतलं. काकांनी पाहिलं, धावत जाऊन तिचा हात जात्यावरून ओढला. "आधी हात धू. तोंडात तं नाई ना घातलं?" मग सगळं पीठ नेऊन पुरलं.

*

हंगामात काकांची ज्वारी पांढरीशुभ्र. आमची काळी. बाप शेतात जाईनासा झाला.

खळं दोघांत एकच. आमची काजळी त्यांच्या ज्वारीला लागू नये म्हणून काकांची मळणी आधी, असं ठरलं होतं. सकाळी गेलो तर काका आमची काळी कणसं आपल्या कणसांवर ओतत होते. बाप धावत आला.

"दादा, काहून करून राह्यले असं? तुमची सारी ज्वारी काळी होईन."

काकांनी कासरा त्याच्या हातात दिला.

"दोघांची एकच रास. बैल धर," म्हणाले.