कोनमापकांची गाडी आणि धाकटीच्या मधमाश्या

१६ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ढगाळ, दुपारी लख्ख ऊन. टाकीचा नळ दुरुस्त झाला. धाकट्या जाऊबाईंनी गुडघ्याचे व्यायाम केले. पठारापलीकडच्या शेतकऱ्याचा फोन: मधमाश्यांच्या पेट्या विकणार असाल तर रविवारपर्यंत कळवा. ती "कळवते" म्हणाली. भाऊजी भरल्या ताटावरून उठून टायरवाल्याकडे गेले.

ज्या भाऊजींची ही गोष्ट, त्यांनी जन्मभर शाळेत भूमिती शिकवली. मुलांनी त्यांना नाव ठेवलं कोनमापक, आणि ते इतकं चपखल बसलं की पुढे शेजारीपाजारीही तेच म्हणू लागले. निवृत्त झाल्यावर त्यांनी जुनी, चारही चाकांना जोर असलेली एक धिप्पाड गाडी घेतली. बायको, म्हणजे धाकटी, म्हणाली, "घरात दोन माणसं आणि एक थोरल्या जाऊबाई. वरात काढायचीय का?" (थोरल्या जाऊबाई म्हणजे मीच, ही वही लिहिणारी; गोष्टीत स्वतःला त्याच नावाने लिहिते.) पण गाडी तिच्याच कामाला आली. माश्या तिच्या होत्या. परसात ओळीने मांडलेल्या पेट्या ती दर वर्षी फुलोऱ्याच्या आधी पठारावर नेऊन ठेवायची. कोनमापक गाडी चालवायचे आणि तिथे पोचल्यावर काचा वर करून आत बसायचे. माश्यांना ते मनापासून घाबरत. एकदा कॉलरवर एक माशी बसली, तर अख्खा वर्ग सोडून ते मैदानात पळाले होते.

गेल्या वर्षी शेवटच्या चढावर खडकाच्या धारेने टायरची बाजू फाडली. गाडीचं पोटही दगडावर टेकलं. दोघं पायी उतरली, आणि त्या उतरणीने तिच्या आधीच कुरकुरणाऱ्या गुडघ्याचा निकाल लावला. शस्त्रक्रिया झाली. आता ती काठी घेऊन चालायची, आणि गाडीत बसताना नवऱ्याचा खांदा धरायची.

"मला वर जाता येणार नसेल तर पेट्या ठेवून काय करू?" ती म्हणाली होती. "अंगणात उपाशी मारू? की तुम्ही उघडणार आहात?"

पेट्या गेल्या तर ही बाई सकाळी उठून कोणाशी बोलणार, हा भुंगा कोनमापकांच्या डोक्यात शिरला तो निघेना.

टायरवाला होता मोठा बोलघेवडा. दुकानात रबराचा वास, भिंतीला टेकवलेले माणसाच्या कमरेएवढे टायर. "सर, हे बघा, खास चिखलात चालणारे." त्याने एका टायरच्या जाड ठोकळ्यांवर थाप मारली. "डोंगर कुरतडत जाईल. आणि गाडी चार इंच उचलू. स्प्रिंगा जड ओझ्याच्या टाकू. खडक खालून सलाम करतील!"

"पोट टेकणार नाही ना?"

"टेकतंय कसलं! लोक वळून वळून बघतील."

लोकांनी वळून बघावं असं त्यांच्या आयुष्यात फारसं काही घडलं नव्हतं. ते हो म्हणून आले. काम शुक्रवारी.

घरी येऊन त्यांनी आलेखाच्या कागदावर गाडी काढली, खडक काढला, चाकाचा आणि चढाचा कोन मोजला. चार इंचांनी सगळं बेतशीर बसत होतं. मग त्यांनी गाडीत बायकोची बैठक काढली आणि पेन्सिल तिथेच थबकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आडवी झाली आहे असं बघून त्यांनी जेवणाच्या टेबलाची, गाडीच्या बैठकीएवढी उंच असलेली एक खुर्ची परसात नेली. पायांखाली विटा रचल्या. पट्टीने मोजलं, आणखी विटा रचल्या. थोरल्या जाऊबाई कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी चिमटा तोंडात धरून बघितलं.

"हे काय, सिंहासन?" दारातून आवाज आला.

कोनमापक दचकले. "रंग देणार आहे खुर्चीला."

"रंग कुठेय?"

"आणणार आहे."

काठी टेकत ती जवळ आली. खुर्चीकडे पाहिलं, हातातल्या पट्टीकडे पाहिलं. पस्तीस-चाळीस वर्षं ज्या माणसाशी संसार केला, त्याच्या विटांचा अर्थ लागायला तिला वेळ लागला नाही.

"एवढी उंच होणार गाडी?"

"अशीच... साधारण."

ती वळली, त्यांचा खांदा धरला आणि अंग वर उचलायला गेली. गुडघा निम्म्यातच थांबला. तिने ओठ दाबून पुन्हा जोर केला. खुर्ची डुगडुगली, एक वीट निसटली. कोनमापकांनी तिला दोन्ही हातांनी धरलं.

"राहू दे," ती म्हणाली. तिचा आवाज इतका शांत होता की त्यांना ओरडणं बरं वाटलं असतं. "छान टायर घ्या, हौस करा. शेतकऱ्याला मी रविवारी कळवते."

"थांब," ते म्हणाले. "जरा थांब गं."

खाली बसून त्यांनी चारही पायांखालची एकेक वीट काढली. "आता?"

"नाही."

सगळ्या विटा निघाल्या, तेव्हा त्यांनी फरशीचे तुकडे शोधून आणले. एक तुकडा ठेवला, दुसरा ठेवला, दुसरा काढला. शेवटी ती बसली. अवघडून, पण स्वतःच्या जोरावर बसली. त्यांनी तिथे खडूने रेघ मारली. नुसत्या खुर्चीपेक्षा... म्हणजे आत्ताच्या गाडीपेक्षा दीड इंच वर, फार तर दोन.

"दाराखाली लोखंडी पायरी लावली तर?" थोरल्या जाऊबाईंनी कपड्यांच्या दोरीपलीकडून विचारलं.

"ती खाली लोंबते हो वहिनी. पहिल्याच खडकाला अडकेल."

"मग खडकाला दोन चाकांमध्ये घेता कशाला?" बायको खुर्चीवरून म्हणाली. "मी गेल्या वर्षीच म्हटलं होतं. चाक त्याच्या डोक्यावर घाला. गाडी तिरकी होईल, पोट वर राहील."

"तेव्हा म्हणालीस?"

"तुम्ही तेव्हा 'धरून बस' म्हणून ओरडत होतात."

कोनमापकांनी कागद पालटून मागच्या बाजूला नवा खडक काढला. या वेळी चाक त्याच्या डोक्यावर. कोन निघाला. ते हसले. "बरोबर आहे की!"

"उपकार झाले," ती म्हणाली.

नवा बेत ऐकून टायरवाल्याचं तोंड उतरलं. "सर, दीड इंचाने काय होतं? कोणाला कळणारसुद्धा नाही."

"एकाच व्यक्तीला कळायला हवंय," कोनमापक म्हणाले. "आणि तिलाही कळू नये, असंच बघायचंय."

मग ते दुकानात तासभर खणपटीला बसले. चिखलाचे टायर नकोत. पठारावर खडकच जास्त, आणि डांबरी रस्त्यावर ते टायर इतके गुरगुरतात की बोललेलं ऐकू येत नाही. त्यांनी सर्व रस्त्यांना चालणारे, ऑल टेरेन म्हणतात ते घेतले, पण जाड बाजूचे. जड ओझ्याच्या स्प्रिंगाही नकोत. पेट्या उतरवून रिकामी गाडी परत येताना त्या माणसाची हाडं खिळखिळी करतात, आणि जाताना पेटीतली मेणाची कोवळी पोळी मोडतात. मधल्या ताकदीच्या स्प्रिंगा, त्यांना साजेसे शॉक ॲब्सॉर्बर, आणि पोटाखाली एक जाड पत्रा. टायरवाल्याने शेवटी हात जोडले. "सर, आम्ही शाळेत नापास का होत होतो ते आज कळलं."

शनिवारी पहाटे निघाले. पेट्यांची तोंडं आदल्या संध्याकाळीच जाळीने बंद केली होती. गाडीशी आल्यावर तिने पाय उचलला, खांदा धरला आणि बसली. कोनमापक दुसरीकडेच बघत होते. जीव भांड्यात पडल्यावरच त्यांनी दार लावलं.

चढाच्या पायथ्याशी त्यांनी टायरमधली थोडी हवा सोडली, म्हणजे रबर दगडाला पसरून धरतं. मागे पेट्यांमधून एकसारखा गुणगुणाट. त्यांच्या मानेवर घाम आला.

"डावीकडे," ती म्हणाली. "अजून. आता चढवा."

"उलटेल."

"नाही उलटत. कोन काढलाय ना तुम्ही?"

चाक खडकावर चढलं. गाडी कलली, ती त्यांच्या खांद्यावर कलली, खाली पत्रा एकदा खर्रकन घासला आणि गाडी पलीकडे उतरली. पोळी मोडल्याचा आवाज नाही, गुडघ्याचाही नाही.

पठार पिवळ्या फुलांनी भरलं होतं. तिने एकेका पेटीची जाळी काढली. कोनमापक नेहमीप्रमाणे आत, काचा वर. मग त्यांनी पाहिलं की तिला शेवटची पेटी सरळ करता येत नाही. दगड हलतोय आणि वाकवत नाही. ते काच खाली करून बसले, पुन्हा वर केली, मग दार उघडून बाहेर आले. डोळे मिटून पेटीला हात लावला.

"डोळे उघडा, नाहीतर तिरकी ठेवाल."

त्यांनी उघडले. पेटी सरळ बसली. माश्या त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता फुलांकडे गेल्या.

तिथे फोन छान लागत होता. तिने शेतकऱ्याला फोन लावला. "नमस्कार. कळवते म्हटलं होतं ना, म्हणून केला. पेट्या द्यायच्या नाहीत. हो, पुढच्या वर्षीसुद्धा नाहीत. गुडघा? गुडघा माझाय, गाडी यांची आहे. जमतं आमचं."

२१ फेब्रुवारी, शनिवार. दोघं दुपारी परतली, जेवून लगेच झोपली. संध्याकाळी मागच्या दाराची कडी सैल लागली, स्क्रू घट्ट केला.