तार तोडल्याचा गुन्हा

"ह्यांचं मढं माझ्या लॉनवरून नेलं. सगळं गवत उपटून नवं लावावं लागलं."

भोरच्या कोर्टाच्या व्हरांड्यात बंगलेवाला हे माझ्याच वकिलाला सांगत होता. मी हातभरावर उभी. मढं म्हणजे माझी आई. वकील हसला.  

आमची बौद्धांची वस्ती आंबवड्याच्या पुढं. मसणवटा नदीकाठी, तिथं जायची वाट आज्याच्या आधीपासून एकच. ह्या माणसानं जमीन घेतली, बंगला बांधला आणि वाटेवर तारेचं कुंपण घातलं. आमी दोनदा विनवलं. वॉचमनकरवी उत्तर आलं, नदीतून जावा.

आई गेली तवा नदी दुथडी भरलेली. भावांच्या खांद्यावर आई, समोर तार. वॉचमन म्हणाला, मालकाला विचारावं लागंल. मालक फोन उचलंना. आई पावसात भिजत राहिली. लई वेळ. मग म्या कोयत्यानं तार तोडली.

त्याचा खटला झाला. दुसऱ्याच्या जागेत घुसली, नुकसान केलं. आरोपी मी.

त्या दिवशी दोषारोप वाचून दाखवणार होते. वकील म्हणाला, "कबूल आहे म्हण. थोडका दंड होईल, पाच मिनिटांत मोकळी."

म्या विचारलं, मग वाटेचं काय? तो म्हणाला, वाटेचा इथं काय संबंध. तिथं माझं डोकं खाडकन जागं झालं. म्या गुन्हा कबूल केला, की वाट आमची न्हवतीच असं माझ्याच तोंडून झालं. उद्या वस्तीतलं कुणी गेलं, तर न्यायचं कुठनं?

पुकारा झाला. पिंजऱ्यात उभी राहिले. न्यायाधीशांनी आरोप वाचला, विचारलं, गुन्हा कबूल आहे का?  वकील डोळ्यानं खुणावत होता.

"तार म्या तोडली, साहेब. वाट आमची हाये. गुन्हा कबूल न्हाई."

तसं लिहून घेतलं. साक्षीपुराव्याला पुढची तारीख पडली. बाहेर वकील भडकला. म्हणाला, आता वर्षानुवर्षं खेटे घाल.

घालतेय. वकील बदलला. गावनकाशाची नक्कल काढली, तिच्यात वाट हाये. वस्तीतली म्हातारी माणसं साक्षीला तयार हायेत.

परवा बंगलेवाल्याचा निरोप आला. केस मिटवू, तुमी वाटेचं नाव काढू नका.

म्या उलटा निरोप धाडला. मिटवायची न्हाई. आता साक्षीला तू उभं राहायचं. तार कुणाच्या वाटेवर ठोकली, ते भर कोर्टात तुझ्या तोंडून वदवून घेणार.