आधी पाण्यात कोण
कोपऱ्यातली बायकोची काठी हातात घेतली की मेंढरांचा वास येतो आन ती सांज आठवते. नौदलातला पोरगा सुट्टीवर आलता, जहाजातून किनाऱ्यावर फौज कशी उतरते ते मोबाइलवर दाखवत होता. मी म्हणलो, "आधी रणगाडे उतरवावेत." बायको म्हणली, "रेतीत रुततील. नदीत आपण आधी लादलेलं घोडं घालतो का? आधी मी काठीनं ठाव बघते." "लई शहाणी," मी हिणवलं. पोरगा म्हणला, "आई म्हणती तसंच हाय, बाबा. आधी आमीच उतरतो, ठाव बघायला." तिनं मोबाइलातल्या किनाऱ्यावर बोट ठेवलं. मग म्हणली, "त्या काठाला जायचंच कावून, हे कोण ठरवतं?" "वरचे सायेब." "त्यांना म्हणावं, काठी घेऊन आधी तुमी उतरा." मेंढरं घेऊन हर नदीत आधी तीच उतरायची. मेली ती बी माझ्या आधी; काठी तेवढी मागं ठेवली.