सुशीसाठी घट्ट खुर्ची

मुलांना नीट बसायला शिकवावं लागतं, असं माझं ठाम मत होतं. (आता नाही.)

निजामी अमलातली गोष्ट. परंड्याच्या शाळेत मी हंगामी मास्तर होतो. कायम व्हायचं की घरी बसायचं, हे शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांच्या शेऱ्यावर ठरणार होतं. ती काळजी कमी पडली म्हणून की काय, मी आमच्या सुशीच्या पाठीचीही घेतली! सात वर्षांची पोर पाटावर बसून लिहायची ती पार पाटीला नाक लावून. पाठीशी तक्क्या दिला, तर त्याला टेकून झोपली. शेवटी मी खुर्ची करून घ्यायचं ठरवलं.

"मास्तर, जरा ऐसपैस करतो," रामा सुतार म्हणाला. "पोर हाय, वाढंल की."

"अजिबात नाही! खुर्चीचे दोन्ही हात अंगाला लागून पाहिजेत. हलायला जागा नसली म्हणजे वाकायची कशी?"

रामानं मान हलवली आणि सागवान तासायला घेतलं.

शुक्रवारी, शाळेच्या सुट्टीच्या दिवशी, खुर्ची आली. सुशी जवळ जाईना.

"नाना, आधी तुम्ही बसून दाखवा!"

मास्तराला असं कुणी म्हणू नये. मी बसलो. म्हणजे आधी अर्धाच बसलो, मग श्वास सोडला आणि पूर्ण बसलो. "बघ, पाठ कशी ताठ!" असं म्हणून उठलो, तर खुर्चीही उठली!

सुशीनं टाळ्या पिटल्या. बायको चुलीपासून धावत आली.

"अगं बया! आता वो?"

"ओढ!"

तिनं मला ओढलं, सुशीनं खुर्चीला. गोडंतेल ओतलं, त्यानं धोतर तेवढं भिजलं. "रामाला बोलाव, करवत घेऊन ये म्हणावं," असं मी म्हणतोय तोच दारातून आवाज आला.

"मास्तर हैं क्या?"

साहेब! शनिवारी यायचे ते शुक्रवारीच!

साहेबांपुढं बसून राहावं तर उर्मटपणा. मी खुर्चीसकट उठलो, होतो तसाच वाकून आदाब केला. मनात म्हटलं, गेली नोकरी!

"ये क्या है मास्तर?"

"हुजूर, कुर्सी."

"वो तो दिख रही है. बैठिए."

बसलो. खट्ट! गुडघे कानाशी. साहेबांनी शाळेची हजेरी विचारली, मी अदबीनं उठलो. छपराचं विचारलं, पुन्हा उठलो. तिसऱ्यांदा साहेबांनीच हात जोडले.

"अल्ला के वास्ते, बैठे रहिए!"

तेवढ्यात सुशीनं सगळं सांगून टाकलं. "नाना मला नीट कसं बसायचं ते शिकवत होते."

साहेब हसता हसता भिंतीला टेकले. डोळे पुसत म्हणाले, "जो उस्ताद पहले खुद करके दिखाए, उसे कैसे निकालूं? आप कायम!"

माझा जीव भांड्यात पडला. बाकीचा मी खुर्चीतच होतो. तासाभरानं रामानं करवतीनं खुर्चीचा एक हात कापला, तेव्हा कुठं सुटलो! सुशी त्या वेळी जमिनीवर पालथी पडून झकास लिहीत होती, मान ताठ, पाठ सरळ.

दुसऱ्या दिवशी माझीच पाठ धरली. हकीमसाहेबांनी दाबून पाहिलं आणि विचारलं, "मास्तर, एवढं कसलं ओझं उचललं?"

"ओझं कुठलं वो?" बायको म्हणाली. "नुसते बसले होते."