कुत्र्याचा दुखवटा

समाजसेवा म्हणजे फोटोपुरतं फळवाटप, असं माझं पक्कं मत होतं. मी तोंडानं फटकळ आहे, त्यामुळं ते मत मी बऱ्याच जणांना ऐकवलंही आहे. म्हणून अंबडच्या एका संस्थेची बाई आमच्या वडीगोद्रीच्या घरासमोर स्कूटी लावून उभी राहिली तेव्हा मी चहा टाकला, तो केवळ रीत म्हणून.

ती म्हाताऱ्या माणसांची साखर आणि बीपी तपासत घरोघर फिरायची. आमच्या घरी म्हातारं माणूस एकच, माझे सासरे. त्यांना मी मामा म्हणते. मामांनी उभं आयुष्य मेंढरांमागं काढलं. गुडघे गेले तेव्हा मेंढरं विकली, पण कळपाचं कुत्रं ठेवून घेतलं. ते काळं धूड त्यांच्या बाजेखाली झोपायचं आणि त्याला चतकोर भाकर टाकल्याशिवाय मामा स्वतः घास घेत नसत. बाई यायच्या पंधरा दिवस आधी ते हायवेवर ट्रकखाली आलं. तेव्हापासून मामांचं जेवण सुटल्यात जमा होतं. भाकरीचे दोन तुकडे मोडायचे नि ताट सरकवायचे. उपाशीपोटी साखरेची गोळी घेतली की हातपाय कापायचे, म्हणून त्यांनी गोळीही बंद केली. असंच चाललं तर काही खरं नाही, असं डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते.

बाईनं वही उघडली. "गेल्या वर्षात घरात कुणी वारलं का?"

"न्हाई," मी म्हणाले.

"वारलं," मामा बाजेवरून म्हणाले.

मला शरमल्यासारखं झालं. "कुत्रं हो बाई. त्याचं काय लिहिता?"

तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. खुर्ची सोडून ती बाजेजवळ खाली बसली. "वय काय होतं, बाबा?"

"अकरा."

तिनं ते लिहिलं. मग वही मिटून म्हणाली, "कसं होतं, सांगा बरं."

हे तोवर कुणीच विचारलं नव्हतं. भावकीतले येऊन "कुत्रंच तं हाय, दुसरं आणा" म्हणून गेले होते. माझा नवरा जालन्याला कारखान्यात असतो, आठवड्यानं येतो. त्यानं तर शहागडहून पिल्लू आणायचं पार ठरवून टाकलं होतं. ते कळल्यावर बाई म्हणाली, "इतक्यात नका आणू. घरातली बाई गेली तर लगेच दुसरी आणता का?" तेराव्याच्या आत पोरी बघायला निघालेले आमच्या भावकीत आहेत, पण मी जीभ आवरली.

मामा तासभर बोलले. गोदावरीच्या काठाला लांडग्याच्या तोंडातून त्यानं कोकरू कसं सोडवलं, त्यात कान कसा फाटला. "जाऊ द्या बाबा, वय झालं होतं" असं ती एकदाही म्हणाली नाही. माझ्या तोंडाशी ते चारदा आलं. त्या तासानंतर मी तिला ताई म्हणायला लागले.

शेवटी मामा म्हणाले, "मी कोर्टाच्या तारखेला अंबडला गेल्तो. येईस्तोवर हिनं पुरून टाकलं. तोंड बी पाहू दिलं न्हाई. बांधावर पुरलं म्हणती, पण जागा दाखव म्हणलं तं टाळून राह्यली."

मी उठून आत गेले. ताई मागून आल्या. काही न विचारता ओट्यावरचा लसूण घेऊन सोलत बसल्या आणि मीच बोलून गेले. बांधावर काही पुरलेलंच नव्हतं. नवरा घरी नाही, जमीन दगडासारखी, पोरं शाळेतून यायची वेळ, अंगावर माशा. तेवढ्यात ग्रामपंचायतीची घंटागाडी आली आणि मी त्याला कचऱ्याच्या गाडीत घालून दिलं. माणूस गेलं तर लांबच्या लेकीसाठी आमच्याकडं संध्याकाळपर्यंत मयत थांबवतात. मी अंबडहून येणाऱ्या एका एसटीसाठी थांबले नाही. वरून थाप मारली की ते जागच्या जागी गेलं, बिलकुल त्रास झाला नाही.

"तुम्हीच सांगा ना त्यांना," मी म्हणाले. "तुमचं ऐकतील."

"सांगायचं तुम्हीच. मी शेजारी बसते."

"लई चिडतील."

"चिडू द्या. पण जागच्या जागी गेलं नाही म्हणता, तर मधे काय झालं?"

मी सांगितलं. ताईंनी लसूण खाली ठेवला. "हे सगळं सांगा. काही गाळू नका. आज होत नसेल तर मंगळवारी येते."

येणार नाहीत, असं मला वाटलं होतं. मंगळवारी अकराला स्कूटी दारात होती.

मी डोक्यावर पदर घेऊन मामांसमोर बसले. अशी मी लग्न झाल्यापासून कधी बसले नव्हते. घंटागाडीचं सांगितलं तसं मामांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. मी उठायला लागले, तर ताईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. त्यांच्यासारखं गप्प बसायला किती धीर लागतो, ते मला त्या दिवशी कळलं. मग हळूच म्हणाल्या, "त्याच्या आधीचं सांगा."

ट्रक गेला तेव्हा ते जिवंत होतं. पोत्यावर घेऊन मी त्याला ओढत लिंबाखाली आणलं. तासभर त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. सगळं लुगडं रक्तानं भरलं. ते सारखं रस्त्याकडं बघत होतं.

"पाणी?" भिंतीकडं तोंड ठेवूनच मामांनी विचारलं.

"तांब्यानं सोडलं तोंडात. दोन घोट गेले."

मामा वळले. जाणाऱ्याच्या तोंडात घरच्या माणसाच्या हातचं पाणी पडावं म्हणून आमच्याकडं सगळं घर उशाशी बसून राहतं.

"मंग बेवारशी न्हाई गेलं," मामा म्हणाले. "घरच्या हातचं पेऊन गेलं." मग म्हणाले, "तासभर एकटीच बसल्ती तू?"

मी होकार द्यायला गेले आणि हुंदकाच फुटला. त्याला रोज शिव्या घालणारी मी, इतके दिवस एकदाही रडले नव्हते.

"कचऱ्याच्या गाडीत घालायचं नव्हतं, पोरी."

"चुकलंच, मामा."

"चुकलंच." त्यांनी काठीला हात घातला आणि बाजेवर उठून बसले. "जेवली का तू?"

"न्हाई."

"मंग दोघांचं वाढ."