नळावरची तोंडी परीक्षा

"पानी पाह्यजे व्हय? घे की. पन ते कशाचं बनलंय तेवढं सांग."

एवढं बोलून मामा नळाची तोटी मुठीत धरून उभे राहत. मधली सुट्टी, पोरांची रांग, हातात स्टीलचे पेले, आणि रांगेच्या तोंडाशी खाकी कपड्यातले हे आमच्या शाळेचे शिपाई. पोरगं म्हणे, "हायड्रोजन आन् ऑक्सिजन." तोटी तसूभर हलत नसे.

"बरुबर. हायड्रोजन सोता पेटतो, ऑक्सिजन दुसऱ्याला पेटवतो. मग दोघांचं मिळून झालेलं पानी आग इझवतं, ते कामून?"

आता बोला! मी मराठीचा मास्तर, माझाही पेला रिकामा, आणि उत्तर येत नसल्यामुळे मी गपचूप मागच्या मागे वळलेला. पण रांगेतली एक नववीतली पोरगी तहानेनं वैतागून म्हणाली, "मामा, राख पुन्ना पेटती व्हय? पानी म्हंजे जळालेला हायड्रोजनच की." मामांनी डोळे मिटून घेतले आणि तोटी अशी सोडली की पेला भरून तिची चप्पलही भिजली.

उत्तर चुकलं तरी कुणी तहानलेलं राहत नसे. फक्त पेला अर्धाच भरे आणि उरलेल्या अर्ध्यासाठी पुन्हा रांगेत उभं राहावं लागे. मामांच्या आजोबांना या गावच्या आडाला हात लावायची सोय नव्हती. आता सगळ्या गावाची पोरं यांच्या नळापुढे पेले घेऊन उभी. ही गंमत त्यांना पुरेपूर कळत होती आणि ते ती रोज मधल्या सुट्टीत चवीनं चाखत.

आमची शाळा कर्नाटकात, आळंद तालुक्यात, खजुरी गावापासून जवळच. मैदानातून कुणी जोरात षटकार मारला की चेंडू महाराष्ट्रात पडतो आणि पोरं ओढा ओलांडून तो परत आणतात. माध्यम मराठी, बाजार कन्नड, भांडण दख्खनी. मामांना उत्तर कुठल्याही भाषेत चाले. नव्यानं आलेल्या विज्ञानाच्या सरांनी एकदा हरकत घेतली, तर म्हणाले, "सर, लोखंडाला गंज चढायला भाषा लागती व्हय?"

या सरांची पहिली ओळखही ऐकण्यासारखी आहे. पहिल्याच दिवशी त्यांनी प्रयोगशाळेतून चुन्याची निवळी मागवली. मामांनी बाटली आणली, टेबलावर ठेवली, पण बुचावरचा हात काही काढीनात. "सर, ह्यात नळीनं फुंकलं तर दुधासारखं होतंय. कामून?" सरांनी सांगितलं, उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. "आन् तसंच फुंकत ऱ्हायलं तर पुन्ना निवळ होतंय. ते कामून?" सर गडबडले. म्हणाले, उद्या सांगतो. मामांनी बाटली उचलून पुन्हा कपाटात ठेवली. "मग उद्याच करा की प्रयोग. चुना कुटं पळून जायलाय?" दुसऱ्या दिवशी सर तयारी करून आले, आणि खरं सांगायचं तर त्या दिवसापासून ते चांगले शिक्षक झाले.

शाळेबाहेर तरी सुटका होती का? छे! आमच्याच एका माजी विद्यार्थ्याच्या हळदीची गोष्ट. सगळ्या मावश्या-आत्यांनी नवरदेवाला हळदीनं लिंपून काढलं. गडी न्हाणीत गेला, अंगावरच्या बनियनला साबण लावला, आणि बनियन भडक लाल! बाहेर येताच एक आत्या किंचाळली. रक्त आलं, अपशकुन झाला, मुलीकडच्यांना कळवा, देवऋषी बोलवा. एवढा गोंधळ उडाला, की वाजंत्र्यांनाही वाटलं काहीतरी घडलं आणि त्यांनी जोर वाढवला.

मामा पंगतीत भात वाढत होते. पातेलं खाली ठेवून ते आले, ओल्या अंगानं कुडकुडणाऱ्या नवरदेवापुढे उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "लाल झालं. कामून?"

"मामा, आज तरी सोडा की!"

"न्हाई. लगीन तुझं हाय. तूच सांग."

नवरदेवानं एकदा आत्याकडे पाहिलं, एकदा मामांकडे, आणि दहावीला पाठ केलेलं मांडवाच्या मधोमध ओरडून सांगितलं, "हळद दर्शक हाय! साबन अल्कली हाय! अल्कलीत हळद लाल होती!" मामांनी पंगतीतलं अर्धं लिंबू आणून बनियनवर पिळलं. लाल पुन्हा पिवळं झालं. आत्याबाईंनी डोळे पुसले आणि भाताला काय उशीर म्हणून मामांनाच झापलं. तेव्हापासून आमच्या भागात हळदीला लिंबू जवळ ठेवायची पद्धत पडली आहे. विचारलं तर लोक सांगतात, जुनी रीत आहे.

असा हा माणूस. तुम्हालाही वाटेल, विज्ञानात पक्का असणार, शिकायला मिळालं असतं तर कुठच्या कुठे गेला असता. मलाही तेच वाटे. मग एका दुपारी ते शिक्षकांच्या खोलीत आले, दार लोटून घेतलं आणि माझ्यापुढे एक अर्ज ठेवला. दहावीच्या परीक्षेचा, बाहेरून बसणाऱ्यांचा.

"कुणासाठी?" मी विचारलं.

"माझ्यासाठी." मामांचं तोंड एवढंसं झालं होतं. "सर, मी नापास हाय. बाकी समदं निघालं, इज्ञान राह्यलं. चाळीस-बेचाळीस वर्सं झाली."

"आणि हे रोजचे प्रश्न?"

"ते त्याच पेपरातले. जे जे आलं न्हाई ते इचारत आलो. एकाचं उत्तर मिळालं की त्यातनं दुसरं निघतंय. पोरं सांगत्यात, मी ध्येनात ठिवतो."

म्हणजे मंडळी, इतकी वर्षं आम्ही ज्याला परीक्षक समजत होतो, तो नळावर उभा राहून स्वतःच शिकत होता, आणि फी म्हणून पाणी देत होता! मला हसू आलं. पण खरी गोम पुढेच होती. निवृत्तीला काही महिने उरलेले असताना ही परीक्षा कशासाठी?

मामांनी आवाज आणखी खाली आणला. त्यांची बायको, म्हणजे आमच्या गावच्या अंगणवाडीच्या बाई, माहेर चिटगुप्प्याचं, दहावी पास. लग्नाच्या बोलणीत मुलीच्या बापाला यांनी सांगितलं होतं, मीही दहावी पास. "तवापासून त्या थापेवर संसार चाललाय सर. भांडण झालं की ती म्हनती, आपुन दोघं शिकलेली मान्सं, असं वागावं का? मला जमिनीत गेल्यावानी होतंय. आता घरी बसायचं हाय तिच्यासंगं, दिवसभर. थाप घेऊन कसं बसू?"

मी अर्ज भरला. सगळेच विषय पुन्हा द्यायचे होते. मराठी मी घेतली, गणित नव्या सरांनी, आणि विज्ञानाला नळ होताच. परीक्षेचं केंद्र आमचीच शाळा, त्यामुळे ज्या वर्गाचं कुलूप मामांनी उघडायचं त्याच वर्गात ते आमच्या पोरांमध्ये बाकावर बसणार. गुपित कसलं राहतंय! मामांनी सगळ्या दहावीला शपथ घातली, दहावीनं घरी सांगितलं, घरच्यांनी शेजारी. दोन दिवसांत सगळ्या गावाला ठाऊक झालं, आणि अंगणवाडीच्या बाईंना कळू द्यायचं नाही हेही सगळ्या गावानं एकमेकांना बजावलं. बाई रस्त्यानं दिसल्या की लोक उगाचच पावसापाण्याचं बोलू लागत. तेही मार्च महिन्यात!

विज्ञानाच्या पेपराला मी व्हरांड्यात होतो. मामा खिडकीजवळ, पाठ ताठ, मान खाली, लेखणी चाललेली. वर भिंतीवर कॅमेरा, कारण हल्ली पर्यवेक्षकावरही पर्यवेक्षक असतो. घंटेवर दुसऱ्या शाळेचा बदली शिपाई नेमला होता. तास भरला आणि घंटा काही होईना. बदली शिपाई चहाला गेला होता.

मी पाहिलं, मामांची लेखणी थांबली. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पुन्हा लिहू लागले. पुन्हा पाहिलं. मांडी हलायला लागली. आणि मग काय झालं ते मी या डोळ्यांनी पाहिलं. पस्तीस वर्षं ज्या हातानं घंटा दिली तो हात आधी उठला, मग त्याच्यामागे बाकीचे मामा उठले. पर्यवेक्षक "ओ, ओ" करेपर्यंत ते दाराबाहेर. लोखंडी रुळाच्या तुकड्यावर हातोड्याचे दोन खणखणीत टोले दिले, हातोडा जागच्या जागी टांगला, हात झटकले, आणि वळले तेव्हा कुठे त्यांना आठवलं की आपण आज कोण आहोत.

दारात पर्यवेक्षक उभे. भले गृहस्थ होते, त्यांचेच डोळे ओले झाले होते. पण वर कॅमेरा. "न विचारता बाहेर गेलात मामा. आता आत घेता येत नाही."

वर्गातली सगळी पोरं लिहायची थांबून दाराकडे बघत होती. मामांनी दारातूनच त्यांना दटावलं, "लिव्हा की! माझ्या तोंडावर उत्तर हाय व्हय?"

तासाभरात लिहिलेल्यावर पास होणं शक्यच नव्हतं. बाकीचे विषय निघाले आणि विज्ञान पुन्हा राहिलं. गावानं हसायचं की रडायचं हे ठरवायला दोन दिवस घेतले आणि मग भरपूर हसून घेतलं. मामाही हसले. पण त्या आठवड्यात नळावर कुणालाही एकही प्रश्न विचारला गेला नाही. सगळ्यांना न विचारता भरलेला पेला मिळत होता, आणि तो पोरांच्या घशाखाली उतरत नव्हता. शेवटी ती राखवाली पोरगी पेला तसाच धरून म्हणाली, "मामा, इचारा की काहीतरी. फुकटचं पानी कामून देऊलालाव?"

मामांनी तोटी बंद करून पहिल्यासारखी मुठीत धरली.

आता परीक्षा वर्षातून तीनदा होते, हे सरकारचे उपकार. दुसऱ्या खेपेला केंद्र आळंदला होतं. मी सोबत गेलो. घंटा तिथंही होतीच. ती वाजायची वेळ झाली तसा मी बाहेरून वर्गाच्या दाराकडे बघत उभा राहिलो. घंटा वाजली. आतून कुणी बाहेर आलं नाही. नंतर मामा म्हणाले, "दोन्ही पाय बाकाच्या दांडीत अडकवून बसलो होतो सर. उठलो असतो तर बाक घेऊनच आलो असतो."

निकाल मी मोबाइलवर वाचला. पास. मामांनी पहिला शब्द काय काढला असेल? "कुटलं चुकलं? पेपर बगायला मिळंल का?"

पुढच्या महिन्यात ते निवृत्त झाले. मुलगा बिदरजवळच्या कोळारला कारखान्यात कामाला आहे, त्याच्याकडे दोघं राहायला गेले. नळ आता नुसता नळ आहे, पोरं भसाभसा पाणी पितात आणि निम्मं सांडतात. त्याच सुमारास मामांची मूळ गुणपत्रिका शाळेत आली. मामांनी फोनवर बजावलं, "सर, माझ्याच हातात द्या. तिच्या नजरंला पडू देऊ नका." म्हणून एका रविवारी मी स्वतः बिदरची बस धरली.

दार अंगणवाडीच्या बाईंनी, म्हणजे आमच्या वहिनींनी उघडलं. मामा मुलाचा डबा घेऊन कारखान्यावर गेले होते. मी पाणी प्यायलो, हवापाण्याचं बोललो, आणि पाकीट मांडीखाली सरकवायला गेलो तर वहिनींनी हात पुढे केला.

"गुनपत्रिका हाय ना? आना इकडं."

"पेन्शनचा कागद आहे," मी म्हणालो. मला खोटं बोलता येत नाही. कान लाल झाले असावेत.

"सर, बसा निवांत. मार्चात पावसाचं बोलनारं गाव बगूनच परीक्षेचं वळखलं मी. ते नापास हायेत हे मला लग्नाच्या आधीपासून ठावं हाय. आमच्या बाबानं शाळंत जाऊन चौकशी केली होती. मीच म्हनलं, असू द्या, मानूस बरा दिसायलाय."

"मग इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"कधीतरी सोताहून सांगतील म्हनून वाट बगत बसले. तर ह्यांनी सांगायचं सोडून पास होऊनच दाखवलं की!"

त्यांनी पाकीट फोडलं, चष्मा लावला आणि बोटानं ओळी मोजत विज्ञानापाशी थांबल्या. मग हसायला लागल्या, इतक्या की पदर तोंडाला लावावा लागला.

"माझ्याहून दोन मार्क जास्ती हायेत," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या. "सर, हे मातर त्यांना सांगू नका हं."